पोटांतील वस्तीची शिरगणती

सोलापुरांतील एखाद्या सुशिक्षित घरीं हल्लीं डाकेनें एक लहानशी पेटी येते. तींत एक झांकणाची नळी असते, नळींत थोडा औषधी द्रव असतो, आणि सोबत कापूस गुंडाळलेली एक काडी व एक छापील सूचनापत्र असतें. घरच्या मनुष्यानें आपल्या मळाचा मोहरीएवढा अंश काडीवर घ्यावा, तो नळींतील द्रवांत ढवळावा, झांकण घट्ट बसवावें आणि पेटी परत रवाना करावी, एवढेंच काय तें काम. कांहीं आठवड्यांनीं अहवाल येतो. पोटांत कोणते जंतु किती प्रमाणांत राहतात, त्यांपैकीं ‘हितकर’ किती आणि ‘अहितकर’ किती, ह्यांचे रंगीत तक्ते त्यांत काढलेले असतात. ज्या गोष्टीचा उच्चार चारचौघांत करणें काल-परवांपर्यंत असभ्यपणाचें मानलें जाई, ती गोष्ट अशा रीतीनें दिवाणखान्यांत येऊन बसते. आजोबा चष्मा पुसून तक्ता वाचूं लागतात. सूनबाई दह्याचें विरजण वाढवावें कीं काय ह्याचा विचार करूं लागतात. आणि शाळेंत जाणारा नातू आपल्या पोटांत अब्जावधि जीव नांदत आहेत हें ऐकून हसावें कीं भ्यावें ह्या संभ्रमांत पडतो.

पेटी नवी आहे. परंतु तिच्यामागील जिज्ञासा जुनी आहे. मनुष्यानें स्वतःच्या पोटांतील जंतूंकडे पाहण्यास आरंभ केल्याला सुमारें साडेतीनशें वर्षें होत आलीं. ह्या काळांत त्या जंतूंविषयींची त्याची दृष्टि वारंवार पालटली. प्रथम ते मौजेचा विषय होते, पुढें ते शत्रु ठरले, आणि आतां ते शेजारी मानले जातात. ह्या स्थित्यंतरांपैकीं कांहींचा संबंध प्रत्यक्ष सोलापूर जिल्ह्याच्या भूमीशीं आहे. आणि ह्या सर्व इतिहासांतून एकच प्रश्न पुनःपुन्हां डोकें वर काढतो : एका पोटाची तुलना कोणत्या पोटाशीं करावयाची ? ज्यानें ह्या प्रश्नाचें उत्तर नीट शोधलें त्याच्या हातीं ज्ञान आलें. ज्यानें तो टाळला त्याच्या हातीं नुसता तक्ता राहिला.

सोलापूर ही सुताची आणि कापडाची नगरी. ह्या नगरीस हें ऐकून कौतुक वाटेल कीं, स्वतःच्या मळांतील सूक्ष्म जीव पाहून त्यांची नोंद ठेवणारा पहिला मनुष्य वैद्य नव्हता, पंडितही नव्हता. तो कापडाचा दुकानदार होता. हॉलंडांतील डेल्फ्ट शहरीं अँटनी व्हान लेवेनहूक (१६३२-१७२३) ह्याचें कापडाचें दुकान होतें. त्या काळचे कापडवाले सुताचा पोत तपासण्यासाठीं भिंग वापरीत. लेवेनहूकनें स्वतःच्या हातानें अत्यंत लहान पण प्रभावी भिंगें तयार केलीं आणि पावसाचें पाणी, मिरीचें पाणी, दांतांवरील कीट, जें सांपडेल तें त्यांखालीं धरलें. इ. स. १६८१ च्या नोव्हेंबर महिन्यांत त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीचे रॉबर्ट हुक ह्यांस पत्र लिहून, आपल्या पातळ शौचांत हालचाल करणारे जीव दिसल्याचें कळविलें.

ह्या पत्राची खरी खुबी निराळीच आहे. लेवेनहूकनें जीवांचें वर्णन करून लेखणी खालीं ठेवली नाहीं. एरवीं आपलें पोट सकाळीं नेमानें साफ होतें, अधूनमधून तें बिघडतें, आणि धुरी दिलेलें चरबीचें मांस आवडीनें खाल्लें म्हणजे विशेषच बिघडतें, हेंही त्यानें नोंदून ठेवलें. आहार, शौच आणि जंतु ह्या तिहींची एकत्र नोंद त्यानें केली. शिवाय आपल्या बऱ्या दिवसांची तुलना आपल्याच वाईट दिवसांशीं केली. घरीं बसून आपलें पोट तपासण्याचा तो आद्य प्रयोग होय, आणि आज पेटी विकत घेणाऱ्या पुष्कळांपेक्षां त्या कापडवाल्याची पद्धति अधिक शहाणपणाची होती.

पुढें जवळजवळ दोनशें वर्षें ह्या ज्ञानाचा व्यवहारांत कांहीं उपयोग झाला नाहीं. ती निद्रा मोडली ती पटकीनें. आणि पटकीचें नांव सोलापूर जिल्ह्यास परकें नव्हतें. भीमा नदी जेथें चंद्रकोरीसारखें वळण घेते आणि चंद्रभागा म्हणविते, तेथें पंढरपूर वसलें आहे. आषाढी-कार्तिकीस दूरदूरचे वारकरी त्या वाळवंटांत उतरत, त्याच पाण्यांत स्नान करीत आणि तेंच पाणी पीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील सरकारी आरोग्य-अहवालांत पंढरपूरच्या यात्रेचें नांव पटकीच्या नांवाबरोबर वारंवार आलेलें दिसतें. सकाळीं धडधाकट असलेला मनुष्य संध्याकाळपर्यंत पाण्यावांचून सुकून जाई आणि त्याची दिंडी त्याला वाटेवरच सोडून पुढें जाई. गांवांत पटकी आली म्हणजे मरीआईचा कोप झाला असें मानीत. पोतराज आसूड ओढीत, आणि देवीचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडीत. ह्या समजुतींत शास्त्र नव्हतें. परंतु रोग बाहेरून येतो आणि एका शिवेवरून दुसऱ्या शिवेंत जातो, एवढें निरीक्षण मात्र खरें होतें.

इ. स. १८८४ मध्यें जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख ह्यांनीं कलकत्त्यास पटकीच्या रोग्यांच्या आतड्यांत स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतु निश्चित केला. ज्या तळ्याच्या कांठीं पटकी पसरली होती त्या तळ्याच्या पाण्यांतही तोच जंतु त्यांस सांपडला. रोग्याचा मळ पाण्यांत मिसळतो आणि त्या पाण्यावाटें जंतु दुसऱ्याच्या पोटांत जातो, ही सांखळी आतां डोळ्यांना दिसूं लागली. पिण्याचें पाणी आणि मैला ह्यांची फारकत करणें हें त्यापुढें प्रत्येक नगरपालिकेचें कर्तव्य ठरलें. ह्या शोधानें असंख्य जीव वांचले. परंतु त्याचबरोबर पोटांतील जंतु म्हणजे यमदूत, ही भावना सुशिक्षितांच्या मनांत घट्ट बसली. जो जंतु तो मारावा, अशीच वृत्ति झाली.

ह्याच सुमारास एका गुरूच्या छायेंतून दोन निराळ्या वाटा फुटल्या. एली मेचनिकॉफ हे ओडेसा येथील विद्यापीठांत प्राध्यापक होते. वाल्डेमार हाफकिन हा त्यांचा विद्यार्थी. दोघेही पुढें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत आले. शिष्यानें जंतूशीं युद्ध मांडलें. हाफकिन ह्यांनीं पटकीवर लस तयार केली, १८ जुलै १८९२ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली, आणि १८९३ मध्यें ते हिंदुस्थानांत आले. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग पसरला, तेव्हां त्यांनीं प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं तीही पहिल्यानें स्वतःसच टोंचून घेतली. मुंबईंतील परळ येथील हाफकिन संस्था आज त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

प्लेग हा कांहीं पोटाचा रोग नव्हे. तरीही हाफकिन ह्यांनीं प्लेगच्या वेळीं अवलंबिलेली एक रीत पोटाच्या ह्या इतिहासांत सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. लस गुणकारी आहे हें सिद्ध करावयाचें कसें ? टोंचून घेणारा मनुष्य कदाचित् अधिक शिकलेला, अधिक सुखवस्तु, अधिक हवेशीर घरांत राहणारा असेल. मग तो वांचला तो लशीनें कीं घरानें, हें कोण ठरविणार? म्हणून हाफकिन ह्यांनीं तुलनेसाठीं एकच छप्पर निवडलें. १८९८ सालीं बडोदें संस्थानांतील उंडेरा ह्या गांवीं प्लेग चालू असतां, त्यांनीं एकेका कुटुंबांतील सुमारें निम्म्या माणसांस लस टोंचली आणि बाकीच्यांस टोंचली नाहीं. घर तेंच, चूल तीच, उंदीरही तेच. टोंचलेल्या ७१ माणसांपैकीं ८ आजारी पडलीं आणि ३ दगावलीं. न टोंचलेल्या ६४ माणसांपैकीं २७ आजारी पडलीं आणि २६ दगावलीं. ह्या आंकड्यांमागें एकोणतीस घरगुती दुःखें आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेक न टोंचलेल्यांच्या वांट्यास आलीं. आज अशा रीतीचा प्रयोग कोणी करूं धजणार नाहीं. परंतु एक मनुष्य दुसऱ्याशीं तुलना करण्यास योग्य केव्हां होतो, ह्याचा जो धडा उंडेऱ्यानें घालून दिला, तो विसरण्यासारखा नाहीं.

गुरूनें दुसरी वाट धरली. ती वाट त्यांच्यापूर्वीच कांहींनीं मोकळी केली होती. १८८५ मध्यें थिओडोर एशेरिश ह्या बालवैद्यानें निरोगी तान्ह्या मुलांच्या मळांत नेहमीं राहणारा एक जंतु वर्णिला. आज तो त्याच्याच नांवानें ‘एशेरिशिया कोलाय’ म्हणून ओळखला जातो. पॅरिस येथें १९०० च्या सुमारास आंरी टिसिए ह्यांस आईच्या दुधावर वाढणाऱ्या बालकांच्या मळांत फाटे फुटलेल्या आकाराचा दुसरा एक जंतु विपुल आढळला. म्हणजे पोटांत कांहीं जंतु रोगावांचूनही राहतात, जन्मतःच वस्तीस येतात, आणि बालक सुखानें वाढतें, हें दिसून आलें. मेचनिकॉफ ह्यांनीं ह्यापुढें एक पाऊल टाकलें. मोठ्या आतड्यांतील कुजण्यापासून उत्पन्न होणारीं विषें मनुष्यास अकालीं वृद्ध करितात, आणि दह्यांतील आंबट जंतु त्या कुजण्यास आळा घालतात, असें त्यांनीं १९०७ च्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें. बल्गेरियांतील शेतकरी दहीं खाऊन दीर्घायुषी होतात, हा त्यांचा एक पुरावा. १९०८ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, तें शरीराच्या रोगप्रतिकारावरील त्यांच्या निराळ्या कार्यासाठीं. परंतु लोकांच्या मनांत त्यांचें दहींच भरलें. युरोपांत दह्याच्या गोळ्या विकल्या जाऊं लागल्या.

जेवणाच्या शेवटीं ताकभात खाणाऱ्या महाराष्ट्रीयास हें वाचून मिशांत हसूं येईल. परंतु ह्या प्रकरणाची दुसरी बाजू हसण्यासारखी नाहीं. आतडें हें विषाचें कोठार आहे, ही कल्पना इतकी बळावली कीं, लंडनचे नामांकित शस्त्रवैद्य आर्बथनॉट लेन ह्यांनीं बद्धकोष्ठाच्या रोग्यांचें मोठें आतडेंच कापून काढण्यास आरंभ केला. शस्त्रक्रियेनें रोग्यांस धोका उत्पन्न झाला, कित्येकांचे प्राण गेले, आणि पुढें तो सिद्धांतच मागें पडला. मेचनिकॉफ ह्यांची दृष्टि दूरची होती, पण तुलना कच्ची होती. बल्गेरियांतील शेतकरी आणि पॅरिसचा नागरिक ह्यांच्यांत दह्याखेरीज इतर शेंकडों भेद होते. उंडेऱ्याप्रमाणें एक छप्पर तेथें नव्हतें.

त्यानंतरचीं पन्नास-साठ वर्षें हा विषय मंद गतीनें चालला, आणि त्याचें कारण व्यावहारिक होतें. जंतु ओळखावयाचा तर तो प्रयोगशाळेंत वाढवावा लागे; आणि आतड्यांतील बहुतेक जंतु हवेचा स्पर्श होतांच मरतात. जे वाढत तेवढेच दिसत. एखाद्या गांवाची शिरगणती करावी आणि फक्त चावडीवर येऊन बसणाऱ्यांचीच गणना व्हावी, तसा हा प्रकार होता. १९७७ मध्यें कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं ह्या अडचणींतून वाट काढण्याचें साधन दिलें. प्रत्येक जंतूच्या पेशींत प्रथिनें घडविणारें रायबोसोम नांवाचें एक यंत्र असतें. त्या यंत्राच्या एका भागाचा आराखडा ज्या जनुकांत लिहिलेला असतो, त्याचा कांहीं मजकूर सर्व जंतूंत सारखा असतो आणि कांहीं जातीजातीस निराळा असतो. सातबाऱ्याच्या उताऱ्याचा नमुना जसा सगळीकडे एकच, परंतु आंतील नांवें प्रत्येक शेताचीं वेगळीं, तसेंच हें आहे. जंतु न वाढवितां केवळ हा उतारा वाचून त्याची जात ओळखतां येऊं लागली.

ह्या रीतीनें २००५ मध्यें तीन निरोगी माणसांचीं आतडीं तपासलीं, तेव्हां आढळलेल्या प्रकारांपैकीं बहुसंख्य तोंपर्यंत कोणीही प्रयोगशाळेंत वाढविलेले नव्हते. २०१० मध्यें युरोपांतील १२४ माणसांच्या मळांतून सुमारें ३३ लक्ष निरनिराळीं जंतु-जनुकें नोंदलीं गेलीं. मनुष्याच्या शरीरांतील जंतु त्याच्या पेशींच्या दसपट आहेत, असें पूर्वीं सर्रास सांगत. २०१६ मध्यें इस्रायलांतील शास्त्रज्ञांनीं काळजीपूर्वक हिशेब केला, तेव्हां सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या देहांत सुमारें ३० लक्ष कोटि पेशी आणि सुमारें ३८ लक्ष कोटि जंतु निघाले. त्या सर्व जंतूंचें एकत्र वजन पाव किलोहूनही कमी भरतें.

घरगुती पेटीचा जन्म ह्याच सुमारास झाला. २०१२ मध्यें अमेरिकेंत ‘अमेरिकन गट प्रोजेक्ट’ नांवाचा उपक्रम सुरू झाला. सामान्य माणसांनीं वर्गणी द्यावी, नमुना पाठवावा, आहाराची माहिती लिहावी आणि ती सर्व शास्त्राच्या उपयोगी पडावी, असा त्याचा हेतु होता. २०१८ पर्यंत दहा हजारांहून अधिक लोकांनीं नमुने दिले. आठवड्यांत तीसांहून अधिक प्रकारच्या वनस्पति खाणाऱ्यांच्या पोटांतील जंतूंत, दहांहून कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षां अधिक विविधता आढळली. हे नमुने देणारे लोक मुख्यतः अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया ह्या देशांतले होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्याच वर्षीं ‘यूबायोम’ नांवाची व्यापारी कंपनीही निघाली. तिची भरभराट डोळे दिपविणारी होती; परंतु विमा कंपन्यांकडून अयोग्य रीतीनें पैसे घेतल्याच्या संशयावरून एप्रिल २०१९ मध्यें तिच्या कचेरीवर छापा पडला, त्याच वर्षीं तिचें दिवाळें वाजलें, आणि २०२१ मध्यें संस्थापकांवर फसवणुकीचे आरोप ठेवण्यांत आले. जिज्ञासेच्या मागोमाग व्यापार आला, आणि व्यापाराच्या मागोमाग घाई आली.

आतां तो जुना प्रश्न पुन्हां पुढें येतो. सोलापूरच्या घरीं आलेल्या अहवालांत एखादा जंतु ‘अधिक’ आणि एखादा ‘उणा’ असें लिहिलेलें असतें. अधिक-उणा कोणाच्या मानानें ? ज्या माणसांच्या नोंदींवरून ते मापदंड ठरले, तीं माणसें काय खात होतीं ?

सोलापूर जिल्हा हा ज्वारीचा मुलूख आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनींतील ज्वारीची ख्याति जुनी आहे. मालदांडी ज्वारीचें प्रसिद्ध वाण मोहोळच्या संशोधन केंद्रांतच निवडलें गेलें. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, डाळ, पालेभाजी आणि ताक ह्या जेवणांत असा पुष्कळ भाग असतो, जो लहान आतड्यांत न पचतां मोठ्या आतड्यांत पोंचतो. तेथील जंतु त्यावर उपजीविका करितात आणि त्याच्या मोबदल्यांत कांहीं सौम्य आम्लें तयार करितात. त्यांपैकीं ब्यूटिरिक आम्ल हें आतड्याच्या अस्तरांतील पेशींचें मुख्य अन्न आहे. अशा आहारावर वाढणारी जंतूंची वस्ती मांस आणि मैदा ह्यांवर वाढणाऱ्या वस्तीसारखी कशी असेल ? २०१९ मध्यें भोपाळच्या शास्त्रज्ञांनीं भोपाळ आणि केरळ येथील ११० माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धान्य-डाळीवर राहणाऱ्या मध्य हिंदुस्थानांतील लोकांत ‘प्रेव्होटेला’ नांवाच्या जंतूचें प्राबल्य आढळलें. केरळांतील मिश्राहारी लोकांची वस्ती निराळी होती. एकाच देशांत एवढा भेद, मग दोन खंडांत किती असेल !

पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं २०१२ मध्यें प्रसिद्ध केलेला एक लहानसा अभ्यास येथें विशेष स्मरणीय आहे. त्यांनीं दोन एकत्र कुटुंबें घेतलीं आणि एकाच छपराखालीं राहणाऱ्या तीन पिढ्यांचे नमुने तपासले. माणसें मूठभरच होतीं. परंतु एका चुलीवरचें अन्न खाणाऱ्या आजोबांची, मुलाची आणि नातवाची वस्ती वयोमानानें बदललेली आढळली, आणि तो बदल युरोपीय लोकांत वर्णिलेल्या बदलाशीं जुळला नाहीं. हाफकिन ह्यांनीं उंडेऱ्यास वापरलेलें एकाच घराचें माप ह्या पुणेकरांनीं निराळ्या हेतूनें पुन्हां हातीं घेतलें, आणि त्यांतून हें दिसलें कीं, आजोबांचा तक्ता नातवाच्या तक्त्याशीं जुळला नाहीं म्हणून दोघांपैकीं कोणाच्याच पोटांत कांहीं बिघाड आहे असें म्हणतां येत नाहीं.

सोलापूरच्या डाळिंबाची गोष्टही ह्याच जातीची आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरासच आहे, आणि डाळिंबाचे गुण प्रत्येक घरीं ठाऊक आहेत. परंतु डाळिंबांतील कांहीं तुरट द्रव्यें जशींच्या तशीं रक्तांत फारशीं शोषलीं जात नाहींत. मोठ्या आतड्यांतील कांहीं जंतु त्यांचें ‘यूरोलिथिन’ नांवाच्या द्रव्यांत रूपांतर करितात आणि मग तें शरीरांत शोषलें जातें. २०१४ मध्यें अशा एका जंतूस त्याच्या ह्या कामावरूनच ‘गॉर्डोनिबॅक्टर यूरोलिथिनफेशियन्स’ असें नांव देण्यांत आलें. हें रूपांतर सर्वांच्या पोटांत सारखें होत नाहीं; कांहींच्या पोटांत तें मुळींच होत नाहीं. एकाच फळाच्या दाण्यांवर एकाच ताटांत बसलेल्या दोन भावांच्या पोटांत दोन प्रकारचे व्यवहार चालतात. येथें जंतु हा शत्रु नाहीं. तो घरचा आचारी आहे.

मग ह्या पेटीचा उपयोग काय ? प्रथम तिच्या मर्यादा स्पष्ट समजून घ्याव्या. तक्त्यांत बहुधा जंतूंची संख्या नसते, शंभरांत किती हें प्रमाण असतें. एक घटला म्हणजे दुसरा न वाढतांही वाढलेला दिसतो. मेलेल्या आणि जिवंत जंतूंचें डी. एन. ए. सारखेंच वाचलें जातें. मळांत जे सांपडतात तेच आतड्याच्या भिंतीशीं राहतात, असें नाहीं. कांहीं जंतूंचें कवच कठीण असतें. तें नीट फोडलें नाहीं तर ते गणनेंतून निसटतात, आणि प्रत्येक प्रयोगशाळेची फोडण्याची रीत निराळी असते. जंतुनाशक औषधाचा एक क्रम, चार दिवसांचा प्रवास किंवा एकादशीचा उपवासही तक्ता हलवूं शकतो. सोनाराचा तराजू तपासण्यास प्रमाणित वजन लागतें. तसें वजन ह्या धंद्यास फार काळ नव्हतें. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनें २०२५ मध्यें शाकाहारी आणि मिश्राहारी माणसांच्या मळापासून तयार केलेला प्रमाणित नमुना प्रसिद्ध केला, तो ह्यासाठींच. २०२४ मध्यें अनेक देशांतील तज्ज्ञांनीं एकमतानें असें सांगितलें कीं, रोग्यानें स्वतःहून अशी तपासणी मागविण्यास उत्तेजन देऊं नये, आणि तपासणाऱ्या कंपनीनेंच तक्त्यावरून उपचार सुचवूं नयेत.

ह्याचा अर्थ हें शास्त्र पोकळ आहे असा नव्हे. जंतुनाशक औषधांनंतर आतड्यांत ‘क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल’ नांवाचा जंतु माजला म्हणजे जो हट्टी अतिसार होतो, त्यावर निरोगी मनुष्याच्या मळांतील वस्ती रोग्याच्या आतड्यांत सोडण्याचा उपचार हॉलंडांत करून पाहिला, आणि त्याचे निष्कर्ष २०१३ मध्यें प्रसिद्ध झाले. ज्या १६ रोग्यांस तो मिळाला त्यांपैकीं १३ पहिल्याच वेळीं बरे झाले. केवळ व्हॅन्कोमायसिन घेणाऱ्या १३ पैकीं ४ बरे झाले. लेवेनहूकच्या देशांत, त्याच्या पत्रानंतर तीन शतकांहून अधिक काळानें, मळांतील जंतु हे औषध ठरले. आणि तेंही सिद्ध झालें तें रोग्यांच्या दोन गटांची नीट तुलना केली तेव्हांच.

घरीं पेटी मागविणाऱ्यानें म्हणून त्या डेल्फ्टच्या कापडवाल्याचा कित्ता गिरवावा. परक्या मापाशीं आपलें पोट ताडून पाहण्यापेक्षां स्वतःच्या बऱ्या दिवसांशीं स्वतःचे वाईट दिवस ताडावे. नमुना देण्यापूर्वीं आठवडाभर काय खाल्लें, कोणतें औषध घेतलें, तें लिहून ठेवावें. आणि दुसरा नमुना द्यावयाचा तर त्याच रीतीनें, त्याच प्रयोगशाळेकडे द्यावा. शौचांतून रक्त जात असेल, वजन घटत असेल, जुलाब थांबत नसतील, तर डाकेच्या पेटीची वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें. आणि तक्त्यांत लाल रंग दिसला म्हणून घरांतील वृद्धांच्या ताटांतील भाकरी किंवा मुलांच्या वाटींतील दहीं बंद करण्याची घाई करूं नये. ज्या पोटानें ज्वारीच्या भाकरीवर साठ-सत्तर वर्षें काढलीं, त्या पोटाची साक्ष एका नळींतील मोहरीएवढ्या अंशापेक्षां मोठी आहे.